खाऊ भरलेले रबरी खेळणे कुत्रा सोडून देतो: कारण कसे शोधावे

पोकळ रबरी खेळण्यात खाऊ भरून दिला की कुत्रा निदान अर्धा तास गुंतून राहील, या अपेक्षेने खेळणे घरी येते आणि पंधरवड्यात सोफ्याखाली धूळ खात पडते. इतरांची कुत्री सांभाळण्याच्या कामात ही तक्रार माझ्यापुढे इतक्या वेळा आली आहे की मालकाच्या पहिल्या वाक्यावरूनच मला पुढचे प्रश्न सुचतात. ‘आमच्या कुत्र्याला हे आवडतच नाही’ हा निष्कर्ष बहुधा घाईचा असतो. खेळणे ठीक असते, कुत्राही ठीक असतो. चूक असते ती सारणात, म्हणजे खाऊ कोणता भरला, किती घट्ट भरला आणि तो बाहेर काढणे त्या कुत्र्याच्या सरावाच्या मानाने किती अवघड झाले, यात. थोड्या कुत्र्यांच्या बाबतीत मात्र खेळण्याकडे पाठ फिरवणे हे दुखण्याचे किंवा भीतीचे लक्षण असते, आणि तिथे सारण बदलत बसल्याने केवळ दिवस वाया जातात.

पुढील तपासण्या फुकट आणि सोप्या गोष्टींपासून खर्चिक आणि वेळखाऊ गोष्टींकडे जातात. क्रम शक्यतो मोडू नये, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कळत नाही.

लक्षणे

वरवर तक्रार एकच असली तरी तिचे प्रकार वेगवेगळे आहेत, आणि प्रकार नीट ओळखला की निम्म्या तपासण्या टळतात.

- कुत्रा खेळणे हुंगतो, एकदोनदा चाटतो आणि निघून जातो.
- सुरुवात उत्साहाने करतो, पण थोड्याच वेळात खेळण्यावर भुंकतो, पंजे मारतो किंवा ते उचलून माणसापुढे आणून टाकतो.
- सगळा खाऊ दोन-तीन मिनिटांत फस्त करतो आणि पुन्हा काहीतरी उद्योग शोधू लागतो.
- तळाशी दर वेळी थोडा खाऊ तसाच राहतो.
- खाऊ सोडून रबरच कुरतडतो.
- माणूस घरात असताना आवडीने खातो, पण घर रिकामे असताना खेळण्याला तोंडही लावत नाही.
- आतापर्यंत आवडीने खेळत असलेला कुत्रा अचानक खेळणे टाळू लागतो.

पहिले चार प्रकार घरच्या घरी सुटतात. पाचव्यात खेळणे बदलावे लागते. शेवटचे दोन दिसले तर मधल्या तपासण्या सोडून थेट खालच्या ‘एकटेपणा’ आणि ‘तोंड आणि पोट’ या भागांकडे जावे.

उरलेला खाऊ पाहणे

खेळणे धुण्याआधी त्यात बॅटरीचा उजेड टाकून पाहावे. या तपासणीला काही खर्च नाही, आणि माझ्या मते हिच्याइतकी माहिती दुसरी कोणतीच तपासणी देत नाही. तोंडाशी भरलेला थर जसाच्या तसा असेल, तर कुत्र्याने काम सुरूच केलेले नाही. त्याला भूक नव्हती, वास आला नाही, किंवा हे काय आहे तेच कळले नाही. वरचा अर्धा भाग चाटून स्वच्छ झालेला असेल आणि खाली एखादे मोठे बिस्किट आडवे अडकलेले असेल, तर कुत्र्याने प्रयत्न केला पण वाट बंद झाली. केवळ अगदी तळाशी लेप राहिला असेल, तर जीभ तिथवर पोहोचत नाही, आणि असे आखूड तोंडाच्या जातींत, म्हणजे पग, बुलडॉग, शिह त्झू यांच्यात, नेहमी घडते. आतील भाग लख्ख असेल आणि कुत्रा तरीही मोकळाच असेल, तर सारण फार सैल होते. पुढच्या सगळ्या दुरुस्त्या या पाहणीवर अवलंबून आहेत. ती वगळून नवे खेळणे विकत आणणारे लोक पुन्हा त्याच ठिकाणी येऊन थांबतात.

भूक आणि वेळ

खेळणे जेवणानंतर लगेच दिले जाते का, हे आठवून पाहावे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्लेन जेन्सन यांनी १९६३ मध्ये दाखवले की शेजारी आयते अन्न ठेवलेले असतानाही उंदीर कळ दाबून अन्न मिळवण्याचे श्रम करतात. त्यानंतर अनेक प्राण्यांत असेच दिसल्यामुळे ‘कुत्र्यालाही कष्टाचा घास अधिक गोड लागतो’ असे सर्रास लिहिले जाते. पाळीव कुत्र्यांवर असाच प्रयोग झाला तेव्हा चित्र इतके सरळ निघाले नाही: कुत्री श्रम करायला तयार असतात, पण आयते मिळत असेल तर श्रमाला पसंती देतातच असे नाही. म्हणून ज्या घरात कोरडे खाद्य दिवसभर वाडग्यात पडलेले असते, तिथे खेळण्याची जादू चालत नाही, आणि यात कुत्र्याचा आळस शोधण्याचे कारण नाही.

उपाय असा की आठवडाभर वाडगा ठरलेल्या वेळीच भरावा, पंधरा-वीस मिनिटांनी उचलावा, आणि जेवणाचाच एक भाग खेळण्यातून द्यावा. कुत्र्याला उपाशी ठेवणे हा यातला हेतू नाही. लहान पिल्ले, अगदी छोट्या जाती आणि मधुमेह असलेली कुत्री यांचे जेवण लांबवणे धोक्याचे असल्यामुळे त्यांच्या बाबतीत वेळापत्रकात बदल करण्यापूर्वी पशुवैद्यांना विचारावे. फिरून आल्यावर, धाप ओसरून पाणी पिऊन झाल्यावर दिलेले खेळणे सहसा स्वीकारले जाते. फिरायला निघण्याआधी, कुत्रा दाराकडे डोळे लावून बसलेला असताना दिलेले तसेच पडून राहते.

वास आणि स्वच्छता

नव्या रबराला स्वतःचा उग्र वास असतो आणि काही कुत्र्यांना तो नकोसा होतो. कोमट साबणाच्या पाण्यात धुऊन, भरपूर पाण्याने खळबळून खेळणे एक-दोन दिवस सावलीत हवेशीर ठेवले की वास बराच उतरतो. जुन्या खेळण्यात अडचण उलट असते: आतल्या टोकाशी, जिथे बोट पोहोचत नाही, तिथे जुना खाऊ आंबतो, बुळबुळीत थर धरतो आणि पुढे बुरशी येते. कुत्र्याचे नाक आपल्या कितीतरी आधी हे ओळखते. बाटली घासण्याचा लांब ब्रश घेऊन खेळण्याच्या दोन टोकांना असलेल्या मोठ्या आणि लहान अशा दोन्ही भोकांतून आतील भाग घासावा आणि दर वापरानंतर हेच करावे. चिकटलेले सारण सुटत नसेल, तर खेळणे अर्धा तास गरम पाण्यात बुडवून ठेवावे.

ओला खाऊ भरलेले खेळणे साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त पडू देऊ नये, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एक तासापेक्षा जास्त नाही. उरलेला भाग ‘संध्याकाळी खाईल’ म्हणून तसाच ठेवला जातो, आणि जुलाबांची सुरुवात तिथून होते.

सारण किती घट्ट

पहिल्या चारही लक्षणांचे मूळ बहुतेक वेळा येथे सापडते, म्हणून या भागावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

नवशिक्या कुत्र्याला घट्ट भरलेले, त्यातही गोठवलेले खेळणे देणे ही नेहमीची चूक आहे. चित्रफितींत जे खेळणे दिसते ते महिनोन्महिने सराव असलेल्या कुत्र्याचे असते. गोठवल्याने दोन गोष्टी एकदम बिघडतात: खाऊ सुटत नाही, आणि थंड पदार्थातून गंधाचे कण कमी उडत असल्यामुळे वासही मंदावतो. ज्याला अजून ‘यातून खायला मिळते’ हेच ठाऊक नाही, त्याला वासही नाही आणि घासही नाही. मग तो निघून गेला तर त्यात नवल कसले? नवे काम शिकताना बक्षीस लवकर आणि वारंवार मिळावे लागते, आणि अडचण त्यानंतर हळूहळू वाढवावी लागते. हा नियम माणसांनाही लागू आहे, पण माणसे निदान तक्रार करतात.

म्हणून पुढील पायऱ्यांनी जावे. आरंभी कोरड्या खाद्याचे मूठभर दाणे खेळण्यात सुटे टाकावेत आणि कुत्र्यादेखत खेळणे लवंडून दोन-चार दाणे जमिनीवर पडू द्यावेत. नाकाने ढकलले की दाणे पडतात हे त्याला एकदा कळले की पुढचे सोपे होते. पुढच्या पायरीवर सुट्या दाण्यांच्या वर, मोठ्या भोकाच्या कडेला, मऊ पदार्थाचा पातळ लेप लावावा. तो चाटताना मधूनमधून दाणा सुटतो. त्यानंतर दाणे कोमट पाण्यात भिजवून, मऊ झाल्यावर हलक्या हाताने भरावेत. ते फुगत असल्यामुळे थोडी जागा मोकळी ठेवावी, नाहीतर आत दाटून बसतात. घट्ट दाबून भरणे ही त्यापुढची पायरी, फ्रिजमध्ये थंड करणे तिच्या पुढची, आणि फ्रीजरमध्ये रात्रभर गोठवणे ही शेवटची. लागोपाठ काही वेळा कुत्र्याने आतील भाग पूर्ण स्वच्छ केला, तरच पुढची पायरी घ्यावी. अर्धवट सोडून भुंकला, तर एक पायरी खाली उतरावे आणि त्यात काही कमीपणा मानू नये.

गोठवलेले खेळणे अनुभवी कुत्र्यानेही नाकारले, तर कडेला बोटभर न गोठवलेले सारण लावून पाहावे. वास परत येतो आणि बहुधा तेवढेच पुरते. तळाशी खाऊ राहत असेल, तर सर्वांत चविष्ट तुकडा लहान भोकाच्या टोकाशी ठेवून तो त्या बाजूने किंचित दिसेल असे करावे. कुत्रा तिकडूनही काम करू लागतो. आखूड तोंडाच्या कुत्र्यांसाठी उंच खेळणे सोडून द्यावे आणि रुंद तोंडाचे, उथळ खेळणे किंवा खाचा असलेली चाटण्याची रबरी चटई वापरावी. त्यांच्या जिभेला जे शक्यच नाही, त्याचा सराव किती केला तरी उपयोग होत नाही.

दोन मिनिटांत संपवणाऱ्या कुत्र्यांचे प्रकरण नेमके उलटे आहे. त्यांच्या खेळण्यात सहसा सुटे दाणे असतात, आणि ते खेळणे उचलून आपटतात तेव्हा सगळे एकदम बाहेर पडते. त्यांच्यासाठी लहान भोकाशी भिजवलेल्या दाण्यांचा घट्ट थर, मध्ये मांसाचे किंवा भाजीचे तुकडे मिसळलेला सैल थर आणि वर पुन्हा घट्ट थर अशी रचना करून गोठवावी. मधला थर सैल ठेवण्याचे कारण असे की मध्येच एकदम घास मिळाला की कुत्रा काम सोडत नाही. मोठी कडक बिस्किटे आडवी ठोकून अडचण वाढवू नये. त्याने काम कठीण होत नाही, थांबते. जेवण वाढवण्याऐवजी तेच जेवण दोन खेळण्यांत विभागणे हा आणखी एक बरा उपाय आहे.

सारणात काय आहे

घट्टपणा योग्य असूनही कुत्रा रेंगाळत असेल, तर पदार्थ बदलून पाहावेत. रोजचेच कोरडे खाद्य काही कुत्र्यांना पुरते, काहींना नाही. उकडून बारीक केलेले हाडविरहित मांस, उकडलेला लाल भोपळा किंवा रताळे, साधे बिनसाखरेचे दही, उकडलेले अंडे, गाजराचे तुकडे यांतील एखादा पदार्थ थोड्या प्रमाणात मिसळला की फरक दिसतो. नवा पदार्थ एका वेळी एकच आणि थोडा द्यावा, म्हणजे पोट बिघडले तर कारण सापडते. सगळ्यांत आवडता पदार्थ खेळण्यासाठीच राखून ठेवावा. तोच पदार्थ हातातून दिवसभर मिळत असेल तर खेळण्याचे मोल उरत नाही.

प्रमाणाचा हिशेब मात्र कडक ठेवावा. समतोल खाद्याखेरीज दिला जाणारा सगळा खाऊ मिळून दिवसाच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावा, असा पशुवैद्यकातील रूढ नियम आहे. निर्बीजीकरण झालेल्या, १० किलो वजनाच्या प्रौढ कुत्र्याची दिवसाची गरज साधारण ६०० किलोकॅलरींच्या आसपास असते, म्हणजे खाऊचा वाटा सुमारे ६०. एक मोठा चमचा पीनट बटर जवळजवळ ९५ किलोकॅलरींचे असते. खेळणे पीनट बटरने काठोकाठ भरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. शिवाय एकदम भरपूर स्निग्ध पदार्थ पोटात गेल्याने काही कुत्र्यांना स्वादुपिंडाचा दाह होतो, आणि तो साधासुधा आजार नाही. पीनट बटर आणि चीज कडेला लावायच्या लेपापुरतेच वापरावे.

काही पदार्थ कोणत्याही प्रमाणात सारणात जाऊ नयेत: चॉकलेट, द्राक्षे, मनुका आणि बेदाणे, कांदा आणि लसूण (त्यांची पूडही), मॅकाडेमिया हा सुकामेवा, कॉफी, कच्चे आंबवलेले पीठ आणि शिजवलेली हाडे. डब्यातला तयार मांसरस वापरताना त्यात कांदा-लसणाची पूड नाही याची खात्री करावी. याहून कपटी पदार्थ म्हणजे झायलिटॉल, साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ, जो ‘साखरविरहित’ म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पीनट बटरमध्ये असतो. वेष्टनावर तो बर्च शुगर किंवा ई९६७ या नावांनीही येतो. माणसाला त्याचा त्रास होत नाही. कुत्र्याच्या शरीरात मात्र तो इन्सुलिन एकदम वाढवतो आणि रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतो. शरीराच्या दर किलो वजनामागे ०.१ ग्रॅम एवढ्या मात्रेनेही हे घडू शकते, आणि याहून मोठ्या मात्रेत यकृत निकामी होऊ शकते. उलटी, अशक्तपणा, झोकांड्या, झटके ही लक्षणे कधी अर्ध्या तासात, तर कधी बऱ्याच तासांनी दिसतात. असे काही खाल्ल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नये, घरी मीठ वगैरे पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न करू नये, आणि वेष्टन बरोबर घेऊन लगेच पशुवैद्यांकडे जावे.

जागा आणि सोबत

गुळगुळीत फरशीवर खेळणे निसटत राहते आणि काही कुत्री कंटाळतात. खाली जाड चटई टाकली की पंजात धरता येते. (खालच्या मजल्यावरचे लोकही सुखावतात.) घरात दुसरा कुत्रा किंवा रांगते मूल असेल, तर कुत्र्याला वेगळी खोली द्यावी. खेळणे घेऊन कोपऱ्यात पळणे, माणूस जवळ येताच अंग ताठ करून भराभर खाणे, डोळ्यांचे पांढरे दिसतील असे तिरके पाहणे आणि गुरगुरणे ही खाऊ राखण्याची लक्षणे आहेत. अशा वेळी ‘धडा शिकवण्यासाठी’ खेळणे हिसकावून घेतले की त्याची भीती खरी ठरते आणि पुढच्या वेळी तो चावतो. खेळणे परत हवे असल्यास अंतर राखून चांगला खाऊ दूर टाकावा आणि कुत्रा तिकडे गेल्यावर ते उचलावे. गुरगुरणे वाढत असेल, किंवा घरात मुले असतील, तर प्रयोग थांबवून वर्तनतज्ज्ञांना बोलवावे.

खेळण्याचा आकार आणि रबराचा कडकपणा

येथून पुढे पैसे खर्च होतात, म्हणून ही तपासणी इतक्या उशिरा येते. अशा खेळण्यांत सर्वाधिक ओळखीचे असलेले काँग हे अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये जो मार्कम यांनी १९७० च्या दशकात तयार केले. त्यांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड दगड चावून दात झिजवत असे, आणि फोक्सवॅगन गाडीच्या दुरुस्तीच्या वेळी बाजूला पडलेला रबरी सुटा भाग त्याला दगडापेक्षा आवडला, ही त्यामागची कथा. म्हणजे खेळण्याचा मूळ हेतू चावण्याचा होता. त्यामुळेच एकाच आकारात वेगवेगळ्या कडकपणाचे रबर मिळते: पिल्लांसाठी मऊ, नेहमीच्या प्रौढ कुत्र्यासाठी लाल, जोरकस चावणाऱ्यासाठी काळे, वयस्करांसाठी पुन्हा मऊ. दुकानात लोक रंगावरून निवड करतात आणि पिल्लाला काळे घेऊन येतात. ते दबत नाही, खाऊ सुटत नाही, आणि दूधाचे दात पडण्याच्या वयात हिरड्यांनाही त्रास होतो.

अंगठ्याचे नख रुतवून पाहावे: रबर जराही दबत नसेल, तर ते दातांना जास्त कडक आहे. खेळणे इतके मोठे असावे की ते पूर्ण तोंडात जाणार नाही आणि मागच्या दाढांच्या मागे अडकणार नाही. एकच भोक असलेले पोकळ खेळणे घेऊ नये. चाटताना आत निर्वात पोकळी होऊन जीभ अडकून सुजल्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि दुसऱ्या लहान भोकाचे काम हवा आत येऊ देणे हेच आहे. गोठवताना ते भोक कडक पदार्थाने बुजवू नये.

दर वेळी धुताना खेळणे पिळून, वाकवून भेगा पाहाव्यात. नैसर्गिक रबर उन्हाने तडकते आणि तेल-तुपाने हळूहळू फुगून मऊ पडते, म्हणून खिडकीत ठेवलेले किंवा तेलकट सारणाचे खेळणे लवकर संपते. एखादा तुकडा निघालेला दिसला, तर खेळणे टाकून द्यावे. कितीही आवडते असले तरी. आणि तुकडा सापडत नसेल, तर तो पोटात गेला असे धरावे.

रबरच खाणाऱ्या कुत्र्याला खेळणे फक्त डोळ्यांसमोर द्यावे आणि खाऊ संपताच उचलावे. अशी बहुतेक कुत्री खाऊ संपल्यानंतरच रबराकडे वळतात.

एकटेपणा

घरात कोणी नसताना कुत्रा खेळण्याला शिवत नाही, आणि दार उघडताच अधाशासारखा त्यावर तुटून पडतो, हे ऐकले की मी सारणाविषयी बोलणे थांबवते. भूक आहे, खाऊ आवडतो, तरी तो गिळवत नाही. याचे कारण बहुधा घाबरलेपण असते. खात्री करण्यासाठी जुना फोन किंवा कॅमेरा खोलीत लावून निघावे आणि पहिल्या अर्ध्या तासाचे चित्रण पाहावे. कुत्रा झोपून राहिला, तर तो केवळ वाट पाहत आहे आणि काळजीचे फारसे कारण नाही. येरझाऱ्या, धाप, लाळ गळणे, दार ओरबाडणे, हेल काढून रडणे, घरात लघवी होणे हे दिसले, तर हा एकटेपणाचा भयगंड असू शकतो.

येथे एक गुंतागुंत आहे, जी सहसा लक्षात येत नाही. खेळणे फक्त घराबाहेर पडतानाच दिले जात असेल, तर काही दिवसांत कुत्र्यासाठी ते खेळणेच ‘आता हे जाणार’ याची सूचना होते, आणि ते पाहताच धडधड सुरू होते. म्हणून सौम्य अस्वस्थता असलेल्या कुत्र्यांना ते आपण घरात असताना, वेगवेगळ्या वेळी, कुठेही न जाता द्यावे. नंतर शेजारच्या खोलीत जाऊन, मग दाराबाहेर काही सेकंद उभे राहून. कुत्रा खाणे थांबवतो तेवढे अंतर त्याच्यासाठी जास्त आहे असे समजावे.

चित्रणात खरी घबराट दिसत असेल, तर घरगुती उपाय येथेच थांबवावेत. खेळण्याने हा आजार बरा होत नाही. पशुवैद्य आणि पशुवर्तनतज्ज्ञ मिळून हळूहळू सवय लावण्याचा कार्यक्रम आखतात, आणि गरज पडल्यास फ्लुओक्सेटीन किंवा क्लोमिप्रामीनसारखी औषधे देतात, ज्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. माणसांसाठी घरात असलेली गोळी तोडून देण्याचा विचारही करू नये.

तोंड आणि पोट

पूर्वी आवडीने खेळत असलेला कुत्रा काही दिवसांत खेळणे टाळू लागला, तर दात आधी तपासावेत. एका बाजूनेच चावणे, घास तोंडातून पडणे, मऊ खाऊ खाऊन गोठवलेला सोडणे, पंजाने तोंड घासणे, तोंडाला दुर्गंधी, खेळण्यावर रक्ताचा डाग ही दातदुखीची चिन्हे आहेत. ओठ हलकेच वर करून बाहेरून पाहावे: तुटलेला दात, विशेषतः वरच्या जबड्यातली मोठी चावण्याची दाढ, आणि लाल सुजलेल्या हिरड्या. कुत्रा तोंडाला हात लावू देत नसेल, तर जबरदस्ती करू नये, कारण दुखत असलेला शांत कुत्राही चावतो. तुटलेल्या दातातला गाभा उघडा पडला असेल, तर तो आपोआप बरा होत नाही. कुत्रा वाडग्यातले खात असला तरी दाखवणे टाळू नये.

वयस्कर कुत्र्याची घ्राणशक्ती आणि दृष्टी मंदावते, मान खाली धरून चाटणे सांध्यांना जड जाते. अशा कुत्र्यासाठी सारण कोमट करावे, सैल भरावे आणि खेळणे हाताने धरून द्यावे.

पुढील गोष्टींत मात्र वाट पाहण्यासारखे काही नाही. रबराचा किंवा इतर कशाचा तुकडा गिळल्याचा संशय आणि त्यासोबत वारंवार उलट्या, पोट दुखणे, शौच न होणे किंवा सुस्ती दिसली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आतडे अडले असेल तर तासांचा फरक पडतो. जीभ खेळण्यात अडकली आणि हलक्या हाताने सुटत नसेल, तर ओढू नये, खेळणे न काढता तसेच घेऊन जावे. गुदमरण्याची, हिरड्या निळसर पडण्याची लक्षणे दिसली तरीही तसेच निघावे. प्रौढ कुत्र्याने खेळणेच नव्हे तर सगळेच अन्न एक दिवसाहून अधिक काळ नाकारले, किंवा पिल्लाने काही तास नाकारले, तरीही दाखवून घ्यावे.

दवाखान्यात जाताना खेळणे, त्याचे सुटलेले तुकडे आणि सारणात वापरलेल्या प्रत्येक पदार्थाचे वेष्टन पिशवीत घालून न्यावे. काही प्रकारचे रबर क्ष-किरण चित्रात स्पष्ट दिसत नाही, आणि हातात असलेले खेळणे पाहिले की किती तुकडा कमी आहे हे डॉक्टरांना तिथेच मोजता येते.